अंबक्कांचं पाचवं चाक

अंबक्कांनी पहिल्या दिवशी मला गाडीत बसूच दिलं नाही. सकाळचे साडेसहा वाजले होते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका रुंद रस्त्याच्या कडेला त्यांची जुनी पांढरी गाडी उभी होती. मी चांगला इस्त्रीचा ड्रेस घालून, कधी एकदा स्टिअरिंग हातात येतंय अशा घाईनं पोचले होते. त्यांनी डिकी उघडली, आतली स्टेपनी दाखवली आणि म्हणाल्या, "हे काढा बाहेर."

"पंक्चर झालीय का गाडी?" मी विचारलं.

"न्हाई की. गाडी चांगली हाय. पुढचं डावं चाक काढायचं, हे लावायचं. मग हे काढून परत ते लावायचं. मग बसू आत."

टॉवेलच्या कारखान्यांची पाळी सुटत होती. सायकलवरून घरी निघालेले कामगार वेग कमी करून आमच्याकडे बघत होते. ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवणारी, बेचाळीस वर्षांची मी, रस्त्यावर उकिडवी बसून नट फिरवत होते. एकही नट हलेना. अंबक्का शांतपणे म्हणाल्या, "हातानं न्हाई होणार. पान्यावर पाय ठेवा आणि उभ्या राहा. तुमचं वजन हाय की, ते कधी कामाला यायचं?" मी पान्यावर उभी राहिले. कर्रकन आवाज झाला आणि नट सुटला. त्या दिवशी दोनदा चाक बदलण्यात माझा सगळा तास गेला. घरी जाताना बोटांना काळं लागलेलं होतं आणि मी मनातून चांगलीच चिडले होते.

आता अंबक्का नाहीत. त्यांच्याकडे गाडी शिकलेल्या शंभरेक बाया तरी सोलापुरात असतील. त्यातली प्रत्येक जण त्यांच्याविषयी भरभरून बोलेल. माझ्यावर मात्र त्यांच्याविषयी लिहिताना आधी स्वतःविषयी सांगायची वेळ येते, आणि ते सांगणं सोपं नाही.

त्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातल्या. तरुणपणी टॉवेलच्या कडा शिवायला कारखान्यात जायच्या. नवरा सुताची बाचकी वाहणारा टेम्पो चालवायचा. त्याला दम्यानं घरी बसवलं तेव्हा त्या त्याच्याकडूनच टेम्पो शिकल्या आणि पुढं दोन वर्षं स्वतः चालवला. नवरा गेल्यावर टेम्पो विकून त्यांनी ही गाडी घेतली, शिकवणाऱ्याच्या पायाखाली वेगळा ब्रेक बसवून घेतला, आणि मागच्या काचेवर 'फक्त महिलांसाठी' असं लिहिलं. उंच, सडपातळ बाई. सहावारी साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, पायात कापडी बूट, केसांत अबोलीची वेणी. शिकणारी मुलगी वयानं लहान असली की "चूडम्मा" म्हणून सुरुवात करायच्या. तेलुगूत 'हे बघ बाई' म्हणावं तसं. आम्हा नोकरीवाल्यांना मात्र शेवटपर्यंत मॅडमच म्हणाल्या.

"गाडीला चार चाकं दिसत्यात, पण असत्यात पाच," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "जे दिसत न्हाई, त्याची काळजी जास्त घ्यायची." त्यांच्या शिकवण्यात क्लच आणि गिअर नंतर यायचे. आधी हँडब्रेक, मागच्या चाकाला दगड, नट जमिनीवर असतानाच ढिले करायचे, मग जॅक. कुणी जॅक आधी लावला की त्या काही न बोलता तो खाली उतरवायच्या आणि हाताची घडी घालून उभ्या राहायच्या. आपलं काय चुकलं ते आपणच शोधायचं.

एकदा मी विचारलं, "अक्का, तुमच्यावर कधी तसा प्रसंग आला होता का? इतकं चाकामागे लागताय म्हणून विचारते." मला एखादी गोष्ट हवी होती. त्या म्हणाल्या, "काय न्हाई ओ. बाई रस्त्यात अडकली की चार माणसं गोळा होत्यात. त्यातली तीन चांगली असत्यात. पण चौथा कोण हाय, ते आपल्याला कळत न्हाई. म्हणून आपलं चाक आपण बदलायचं आणि निघायचं."

त्यांच्या हाताखाली मी महिन्याभरात गाडी शिकले, परवाना मिळाला, स्वतःची छोटी गाडी घेतली. चाक बदलायला मला पुरेपूर येत होतं. तरी वर्षभरानं कॉलेजच्या फाटकाशी टायर बसला तेव्हा मी पंक्चरवाल्याला फोन केला आणि काचा वर करून गाडीत बसून राहिले. सहकारी बघत होते, विद्यार्थी बघत होते. साडी खोचून खाली बसायचा धीर झाला नाही. नेमक्या त्याच वेळी अंबक्का एका शिकाऊ मुलीला घेऊन तिथून चालल्या होत्या. त्यांनी गाडी थांबवायला लावली, माझ्या काचेवर टकटक केलं आणि हळूच म्हणाल्या, "येत असून केलं न्हाई, मॅडम?" एवढंच. आणि त्या निघून गेल्या.

त्यानंतर मी गाडीला सीएनजी बसवून घेतला. टाकीनं डिकी भरून गेली. बसवणारा म्हणाला, स्टेपनीसाठी वर स्टँड करून देतो, नाहीतर घरी ठेवा, हल्ली कोण वापरतंय, पावलापावलावर पंक्चरवाले आहेत. मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. स्टेपनी आमच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली गेली. पुढं तिच्यावर मनीप्लांटची कुंडी आली. जॅक आणि पाना तेवढा डिकीत राहिला. अंबक्का रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, "पाचव्या चाकात हवा हाय ना?" मी म्हणायचे, "आहे." इतकं छोटं खोटं बोलताना काही वाटतही नव्हतं.

अंबक्कांची मुलगी श्रावणी माझ्याच कॉलेजात बारावीला होती. अभ्यासू, कमी बोलणारी. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या गुणांना पहिल्या फेऱ्यांमध्ये जागा मिळाली नाही, आणि शेवटच्या फेरीला पुण्याच्या एका कॉलेजात तिचं नाव लागलं. मूळ कागदपत्रं घेऊन दुपारी एकच्या आत स्वतः हजर राहायचं होतं. नाव पुकारल्यावर जी नसेल तिची जागा पुढच्या मुलीला. त्याच दिवशी अंबक्कांच्या पाच बायांची परवान्याची चाचणी होती, त्यामुळं त्यांना हलता येत नव्हतं. श्रावणी पहाटेच्या एसटीनं एकटी जाणार होती.

"एसटीनं कशाला?" मी म्हणाले. "मी त्या दिवशी पुण्याला बहिणीकडे जातेच आहे. दारात सोडते तिला."

अंबक्कांनी थोडा विचार केला. कुणाकडून काही घ्यायची त्यांना सवय नव्हती. मग म्हणाल्या, "तुमी हाय म्हणून पाठवते."

आम्ही सहाला निघालो. श्रावणीनं पांढरा कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस घातला होता आणि कागदांची फाईल मांडीवर दोन्ही हातांनी धरली होती. मोडनिंब मागं टाकलं आणि गाडी डावीकडे ओढायला लागली. कडेला घेऊन बघितलं तर पुढचा टायर बाजूनं फाटला होता. रस्त्यावरचा कसला तरी लोखंडी तुकडा लागला असणार.

श्रावणी उतरली. तिनं ओढणी कमरेला बांधली, बाह्या वर केल्या आणि पहिल्यांदा हसली. "मॅडम, तुम्ही बसा. मला पाच मिनिटं लागतात. अम्मानं घड्याळ लावून शिकवलंय." ती मागं गेली, डिकी उघडली. जॅक काढला, पाना काढला. मग बराच वेळ काही आवाज आला नाही. मी उतरून गेले तेव्हा ती टाकीच्या आजूबाजूला, माझ्या बॅगेखाली हात घालून बघत होती.

"स्टेपनी कुठं असते यात, मॅडम?"

"घरी राहिली," मी म्हणाले.

तिनं मान हलवली. राग नाही, तक्रार नाही. तेवढ्यात तिच्या आईचा फोन माझ्या फोनवर आला. चाचणीआधी बायांचा सराव घेताना मधूनच करत होत्या. मागं गाड्यांचे आवाज होते. "कुटंवर पोचलात, मॅडम?"

"अक्का, टायर फाटलाय."

"मग बदला की. श्रावणीला सांगा, लगेच बदलती ती."

मी श्रावणीकडे पाहिलं. पाना तिच्या हातात होता. आणि मी म्हणाले, "स्टेपनीतही हवा नाहीये हो, अक्का. आत्ताच बघितलं."

श्रावणीनं माझ्याकडे बघितलं, आणि मग पाना हळूच खाली, मातीत ठेवला. बेचाळीस मुलांच्या वर्गासमोर मी खरं बोलण्याचे धडे शिकवले होते. त्यातल्या एका मुलीसमोर, तिच्याच आईशी, मी खोटं बोलले होते आणि ती गप्प राहिली होती. फोन ठेवला आणि मी पंक्चरवाल्यासाठी शोधाशोध सुरू केली.

टेंभुर्णीच्या एका पंक्चरवाल्याचा नंबर मिळाला. तो म्हणाला, अर्ध्या तासात येतो. आमच्यापासून दोनशे पावलांवर एक हॉटेल होतं आणि तिथं चहापाण्याला एक एसटी थांबली होती. श्रावणी बसच्या पाटीकडे डोळे बारीक करून बघत होती.

"मॅडम, ती पुण्याची आहे. मी जाऊ का?"

आजही ते वाक्य मला तिच्या आवाजात ऐकू येतं. तेव्हा आठ वाजायला दहा मिनिटं होती. त्या बसनं ती वेळेवर पोचली असती. मी म्हणाले, "अगं, अर्ध्या तासात येतोय ना तो. तुला असं मध्येच उतरवून दिलं तर तुझ्या आईला मी काय सांगू? सोडते म्हणालेय ना मी तुला."

बोलताना मला ते जबाबदारीचं बोलणं वाटलं. पण मनात दोन गोष्टी होत्या आणि दोन्ही मला ठाऊक होत्या. एक, फाटक्या टायरच्या गाडीपाशी हायवेवर एकटीनं उभं राहायची मला भीती वाटत होती. दुसरी, ती एसटीनं गेली असती तर अंबक्कांना दिलेला माझा शब्द सगळ्यांसमोर मोडला असता. श्रावणी "बरं" म्हणाली. कंडक्टरनं घंटा मारली, बस आमच्या समोरून गेली. ती वळून बघत राहिली, बस दिसेनाशी होईपर्यंत.

पंक्चरवाला सव्वा तासानं आला. टायर दुरुस्त होण्यासारखा नव्हता. तो चाक मोटारसायकलवर बांधून टेंभुर्णीला घेऊन गेला, तिथलं टायरचं दुकान उघडायची वाट बघत बसला, आणि दुसरा टायर चढवून परत आला तेव्हा पावणेअकरा झाले होते. त्यानं हात लावायच्या आत श्रावणीनं चाक बसवलं, नट समोरासमोरचे आवळले. तिच्या पांढऱ्या ओढणीला काळा पट्टा उमटला. पुढचे तीन तास मी न थांबता गाडी हाकली. कॉलेजात पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. टेबलापलीकडच्या बाईंनी यादी बघून सांगितलं, नाव दोनदा पुकारलं होतं. त्या चांगल्या होत्या, त्यांनी पाणीही दिलं. पण जागा गेली होती. बहिणीकडे न जाता मी श्रावणीला घेऊन तशीच सोलापूरला परतले.

दुसऱ्या दिवशी अंबक्का माझ्या घरी आल्या. मी शब्द जुळवत होते. त्यांनी मला बोलूच दिलं नाही. "चूक माझी हाय, मॅडम. मी चाक बदलायला शिकवते, पण आतली हवा मोजायला शिकवत न्हाई. बायांना काय कळणार, डिकीत पडून पडून हवा कमी होती म्हणून." माझं खोटं त्यांनी स्वतःच्या माथ्यावर घेतलं होतं आणि ते काढून घ्यायला मी तोंड उघडलं नाही. उलट म्हणाले, "जाऊ द्या अक्का, नशीब." चहा पिऊन त्या गेल्या.

श्रावणीनं पुढच्या वर्षाची वाट बघितली नाही. सोलापुरातच लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि एका तपासणी केंद्रात कामाला लागली. अंबक्कांनी हवा मोजायचा छोटा मीटर विकत घेतला आणि शिकवण्यात एक धडा वाढवला. आमच्या कॉलेजातली एक नवी शिक्षिका त्यांच्याकडे शिकायला गेली, तेव्हा तिनं स्टाफरूममध्ये मला सांगितलं, "आमच्या अक्का म्हणतात, दर रविवारी स्टेपनीची हवा बघायची. त्यांच्या ओळखीच्या एक मॅडम होत्या. इतक्या शिकलेल्या, सगळं व्यवस्थित करणाऱ्या. पण तेवढी हवा राहिली बघायची आणि एका मुलीचं वर्ष गेलं." मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "हो का?"

अशी चार वर्षं गेली. मग कळलं, अंबक्कांचे गुडघे पार गेलेत, त्यांनी गाडी विकली. मी एका दुपारी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर, बाहेरच्या खोलीत खिळ्याला श्रावणीचा पांढरा कोट अडकवलेला. तिची सुट्टी होती. ती आत काही करत होती. अंबक्का कॉटवर पाय लांब करून बसल्या होत्या. मी इकडचंतिकडचं बोलले आणि मग एकदम म्हणाले, "अक्का, त्या दिवशी स्टेपनीत हवा नव्हती असं मी म्हणाले ते खोटं होतं. गाडीत स्टेपनीच नव्हती."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या.

"श्रावणीनं सांगितलं?"

"ती न्हाई बोलली. दुसऱ्या दिवशी तुमच्याकडं आले ना, जाताना बघितलं. जिन्याखाली तुमचं चाक होतं. वर कुंडी होती."

मी कसंबसं विचारलं, "मग तुम्ही काही बोलला का नाहीत? बायांना ती गोष्ट सांगत राहिलात."

"हवा बघायलाच लागती की. त्यात खोटं काय हाय? आणि वाटलं, कानावर गेलं तर मॅडम येऊन सांगतील." त्या गुडघा चोळत होत्या. "लई वाट बघितली."

मला वाटलं, आता सांगितलंच आहे तर सगळं सांगावं. मी एसटीचं सांगितलं. ती कुठं उभी होती, श्रावणीनं काय विचारलं, मी काय म्हणाले, आणि माझ्या मनात काय होतं, तेही. अंबक्कांचा गुडघ्यावरचा हात थांबला. हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. एरवी त्या मायलेकी तेलुगूत बोलायच्या. पण त्या दिवशी मला समजावं म्हणून की काय, त्यांनी मराठीत हाक मारली. "श्रावणी, हितं ये."

ती दारात येऊन उभी राहिली.

"त्या दिवशी रस्त्यात पुण्याची एसटी उभी होती?"

श्रावणीनं माझ्याकडे पाहिलं, मग खाली. "होती."

"मग मला का न्हाई सांगितलं?"

"काय सांगू, अम्मा. माझीच चूक होती. मी विचारत बसले. विचारायला नको होतं, सरळ पळत जायला पाहिजे होतं. माझी फाईल माझ्या हातात होती."

चार वर्षं मी स्वतःला लाजत होते, आणि त्या लाजेत कुठंतरी स्वतःचं कौतुकही होतं, की बघा, मला किती लागतंय. ही मुलगी रोज कोट चढवून लोकांचं रक्त तपासायला जात होती आणि मनात धरून होती की आपण पळालो नाही म्हणून आपली जागा गेली. हे माझ्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. तिच्या बाजूनं मी कधी बघितलंच नव्हतं.

मी म्हणाले, "श्रावणी, तुझी चूक नव्हती. मी तुला अडवलं. मला एकटीला थांबायची भीती वाटत होती."

ती खालीच बघत होती.

अंबक्का म्हणाल्या, "परत सांगा तिला."

मी परत सांगितलं.

"अजून एकदा. नीट ऐकू येऊ दे."

तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा श्रावणीनं मान वर केली. "खरंच, मॅडम?" तिनं विचारलं. तिला खरोखरच उत्तर हवं होतं. मी "हो" म्हणाले. ती आत गेली. आतून नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ तो चालू राहिला.

मी निघाले. नको म्हणत असताना अंबक्का भिंतीचा आधार घेत दारापर्यंत आल्या. ती आमची शेवटची भेट ठरली. पुढच्या उन्हाळ्यात त्या झोपेतच गेल्या. त्या दिवशी उंबऱ्याशी उभं राहून त्या म्हणाल्या, "आलात ते बरं केलं, मॅडम. चार वर्षं लावली, ते बरं न्हाई केलं."

दोन्ही वाक्यं त्यांनी एकाच आवाजात म्हटली.